दगडावरचा कागद

रात्रीच्या गाडीने लोयांगला निघायचं होतं, म्हणून शीआनमधला शेवटचा दिवस मी मोकळाच ठेवला होता. मातीचे सैनिक पाहून झाले होते. शहराच्या तटावरून सायकलने १३.७ किलोमीटरचा फेरा झाला होता. आता कुठे पोचायची घाई नव्हती. दक्षिण दरवाजाच्या आत शूयुआनमन नावाची जुनी गल्ली आहे. दोन्ही बाजूंना कुंचले, शाई आणि कागदाची दुकानं. सकाळी तिथून रमतगमत जाताना एका दुकानातून ठकठक ऐकू आली, आणि मी थांबलो.

पन्नाशीतल्या एक बाई शिळेचा ठसा घेत होत्या. शिळा जुनी नव्हती, विक्रीचे ठसे घेण्यासाठी कोरलेली प्रतिकृती होती. तिच्यावर बांबूचं चित्र होतं. नीट पाहिलं की त्याची पानं म्हणजे अक्षरं आहेत, आणि ती मिळून एक कविता होते, हे कळतं. बाईंनी शिळा ओली केली, पातळ कागद तिच्यावर अंथरला आणि मऊ ब्रशने मधून कडेकडे हवा काढत नेली. मग राठ केसांचा, आपल्या काथ्याच्या कुंच्यासारखा ब्रश घेऊन त्या कागदावर आपटू लागल्या. ठकठक त्याचीच होती. प्रत्येक ठोक्याला कागद कोरीव रेषेत थोडा अधिक उतरत होता. हात जड पडला तर कागद फाटतो, हलका पडला तर अक्षर उठत नाही.

मग त्या थांबल्या. स्टूल ओढून बसल्या, चहा प्यायल्या, मधूनमधून हाताची मागची बाजू कागदाला लावून पाहत राहिल्या. मला वाटलं, विश्रांती चालली आहे. फोनवरच्या भाषांतराच्या मदतीने विचारलं, तेव्हा कळलं की खरं काम हेच. कागद ओला असताना शाई लावली तर ती खाचांत पसरते. फार सुकला तर तो दगडावरून सुटतो. ती वेळ फक्त हाताला कळते.

ती वेळ आली तशा त्या उठल्या. कापसाच्या, कापडात घट्ट बांधलेल्या दोन पुरचुंड्या त्यांनी घेतल्या. एकीला शाई लावून ती दुसरीवर टेकवत शाई सारखी केली आणि कागदावर हलके टिपत गेल्या. पहिला हात राखाडी, दुसरा गडद, तिसऱ्याला कोळशासारखा काळा. सपाट भाग काळा झाला, खोल गेलेली अक्षरं पांढरी राहिली. शाई कागदाच्या वरच्या बाजूला लागते. म्हणून छपाईच्या ठोकळ्यासारखी अक्षरं उलटी येत नाहीत, आणि काम नीट झालं तर दगडाला शाईचा स्पर्शही होत नाही.

हे पाहून मगच गल्लीशेजारच्या बेइलिनमध्ये, म्हणजे ‘शिलांच्या वना’त गेलो. १०८७ मध्ये हा संग्रह इथे आकाराला आला. इथे ८३७ मध्ये कोरून पूर्ण झालेल्या ११४ शिला आहेत. त्यांवर साडेसहा लाख अक्षरांत चिनी अभिजात ग्रंथ आहेत. छापील पुस्तकं हाती येण्याआधी विद्यार्थ्यांनी पाठ ताडून पाहावा, यासाठी.

पण मी सर्वांत जास्त वेळ थांबलो तो ६७२ च्या एका शिळेपाशी. चिनी प्रवासी भिक्षू युआन श्वांगने केलेल्या बौद्ध ग्रंथांच्या भाषांतरांना सम्राट ताइत्सुंगने लिहिलेली प्रस्तावना तिच्यावर आहे. हुआइरेन नावाच्या भिक्षूने चौथ्या शतकातल्या वांग शीची या सुलेखनकाराची अक्षरं एकेक करून गोळा केली आणि त्यांतून हा मजकूर जुळवला. दुसऱ्या पुलकेशीच्या राज्यात येऊन महाराष्ट्रातल्या माणसांविषयी लिहून ठेवणारा युआन श्वांग तो हाच. ६४५ मध्ये तो याच शहरात, तेव्हाच्या चांगआनमध्ये परतला.

या शिळेला आडवा तडा गेला आहे. तडा जाण्याआधी, सोंग राजवटीच्या काळात घेतलेले ठसे अभ्यासक अत्यंत मोलाचे मानतात, कारण आज दगडावर नसलेली अक्षरं त्या कागदांवर शाबूत आहेत. दगड झिजला, मोडला. कागदाने तो अखंड असतानाचा दिवस धरून ठेवला.

आपल्याकडेही शिलालेखांचे अभ्यासक ओला कागद, ब्रश आणि शाई घेऊन असेच ठसे घेतात. पण जीर्णोद्धाराच्या उत्साहात गावोगावच्या देवळांतले लेख आणि वीरगळ तैलरंगाखाली जातात आणि अक्षरं बुजतात. तुमच्या गावात असा दगड असेल तर स्वतः प्रयोग करू नका. शाई झिरपली तर डाग कायमचा बसतो. पण रंगाचा डबा उघडण्याआधी जाणकाराला बोलवा आणि त्या लेखाचा एक ठसा घेऊ द्या.