बातमीतला फोटो : कोणी काढला, कुठे उभं राहून?



गेल्या पावसाळ्यात आमच्या पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक फोटो आला. खाली लिहिलं होतं, 'प्रवरेला पूर, पूल पाण्याखाली'. दुसऱ्या दिवशी नदीपलीकडची सहा-सात मुलं शाळेत आलीच नाहीत. पूल तर कोरडा होता! चौथीतल्या एका मुलीने फोटो मोठा करून पाहिला आणि म्हणाली, "बाई, दुकानाची पाटी मराठीत नाहीये." फोटो कोणी काढला, हे कोणालाच सांगता येईना. (मीही तो पुढे पाठवला होता, हे कबूल करते.)

हा प्रश्न ज्यांना टाळता येत नाही, ते वृत्तछायाचित्रकार. त्यांच्याविषयी आज थोडं बोलू.

पूर्वी वर्तमानपत्रात फोटो जसाच्या तसा छापता येत नसे. कारागीर फोटो पाहून ठसा कोरायचा आणि त्याचं चित्र छापलं जायचं. १८८० च्या सुमारास हाफटोन पद्धत आली. त्यात फोटोचे बारीक ठिपके करतात. गडद भागात ते मोठे असतात, फिकट भागात लहान. पेपरातला फोटो भिंगाखाली धरून मुलांना दाखवा, हरखून जातात! पुढे १९२५ मध्ये लायका हा छोटा कॅमेरा बाजारात आला आणि घटना घडते तिथे पटकन पोहोचणं सोपं झालं.

भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला. जन्म १९१३, नवसारीचा. शिक्षण मुंबईत, जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये. कॅमेरा शिकवला माणेकशा व्यारावाला यांनी, पुढे त्यांच्याशीच लग्न झालं. सुरुवातीचे फोटो 'बॉम्बे क्रॉनिकल'मध्ये आले, एका फोटोला एक रुपया. पण छापले जायचे पतीच्या नावावर! १९४२ मध्ये त्या दिल्लीला गेल्या. साडी नेसून, जड कॅमेरा घेऊन सायकलवर फिरायच्या. फाळणीच्या निर्णयाची बैठक, माउंटबॅटन यांचा निरोप, गांधीजींची अंत्ययात्रा, सगळीकडे त्या हजर. ३० जानेवारी १९४८ ला त्या बिर्ला हाउसकडे निघाल्याही होत्या, पण 'उद्या दोघं मिळून जाऊ' म्हणून पतीने परत बोलावलं. ती खंत त्यांना कायम राहिली. बातमीतला फोटो नंतर जाऊन काढता येत नाही ना! २०११ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळालं.

यात कला कुठे आली, असं मुलं विचारतात. त्यांचा एक फोटो दाखवा. विमानतळावर 'छायाचित्रणास सक्त मनाई' अशी इंग्रजी पाटी आणि तिच्याजवळच पंडित नेहरू उभे. कोणाला मुद्दाम उभं केलेलं नाही. नजरेला ते दिसलं आणि त्याच क्षणी बटण दाबलं, एवढंच.

आणि जबाबदारी? २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री 'मुंबई मिरर'चे सेबॅस्टियन डिसोझा कॅमेरा घेऊन सीएसटी स्थानकात शिरले. बंदूकधारी कसाबचा फोटो त्यांनीच काढला. नंतर न्यायालयात उभं राहून साक्षही दिली.

आता दर सोमवारी आम्ही पेपरातले फोटो कापतो. बारीक अक्षरात छायाचित्रकाराचं नाव असेल तर वहीत लिहितो. नाव नसेल तर तो फोटो वेगळ्या पाकिटात जातो. त्या पाकिटावर त्याच मुलीने लिहिलंय, 'विचारायचं आहे'.