ढील देणारा पतंग

दहा बाय बाराची एक खोली डोळ्यांसमोर आणा. कॉट, कपाट, माणसं सगळं बाजूला काढा, नुसती जमीन उरू द्या. आता ती जमीन कागदासारखी उचला, आठ मजली इमारतीच्या गच्चीइतक्या उंचीवर वाऱ्यात धरा आणि चार दोऱ्यांनी आपल्या कमरेला अडकवा. काइटबोर्डिंग करणाऱ्या माणसाच्या डोक्यावर साधारण एवढंच कापड असतं, अकरा चौरस मीटरच्या आसपास. दोऱ्या पेन्सिलीतल्या शिशाएवढ्या जाड. पायाखाली दाराच्या अर्ध्या फळीएवढा बोर्ड. आणि हा माणूस समुद्रावर उभा राहून डावीउजवीकडे शांतपणे फेऱ्या मारत असतो.

पहिल्यांदा पाहणाऱ्याच्या मनात एकच प्रश्न येतो: हा उडून कसा जात नाही?

पहिला पतंग विकत घेणाऱ्यानेही इथूनच सुरुवात करावी. नवखा माणूस बहुधा उलटं विचारतो: कोणता पतंग जास्त ओढतो? ओढण्याचं काम वारा करतो, आणि तो कुठल्याही कापडाला ओढतो. पतंगाची खरी कारागिरी आहे ती ओढ हवी तेव्हा सोडून देण्यात.

आधी वाऱ्याकडे बघू. गोव्यात मोरजीच्या किनाऱ्यावर उन्हाळ्याकडे झुकणाऱ्या दिवसांत सकाळी अकरा वाजता उभे राहा. समुद्र तेलासारखा सपाट असतो आणि पतंगवाले झावळ्यांच्या सावलीत बसून असतात. तोवर वाळू तापलेली असते, पाणी मात्र अजून गार. तापलेल्या जमिनीवरची हवा वर चढते आणि तिची जागा भरायला समुद्रावरची गार हवा आत येऊ लागते. हेच शाळेच्या भूगोलातले खारे वारे. परीक्षेत दोन मार्कांपुरते लिहिलेले ते शब्द इथे दुपारी दीड-दोनला अंगाला लागतात. पाण्यावर सुरकुती उठते, मग तुरळक पांढरे फेस दिसू लागतात आणि किनाऱ्यावर पतंग फुगवायच्या पंपांचे आवाज सुरू होतात. रात्री हाच खेळ उलटा होतो. जमीन पाण्यापेक्षा गार पडते आणि मतलई वारे समुद्राकडे वाहू लागतात. पतंगवाल्याला खारा वारा किनाऱ्याकडे परत आणतो, मतलई वारा खोल पाण्यात नेतो. म्हणून किनाऱ्याकडून समुद्राकडे जाणाऱ्या वाऱ्यात नवख्याने पतंग उघडूच नये.

वारा मोजतात नॉटमध्ये. एक नॉट म्हणजे तासाला १.८५२ किलोमीटर. १५ नॉटचा वारा म्हणजे तासाला जवळपास २८ किलोमीटर. इथे निसर्गाने एक गंमत करून ठेवली आहे. वारा दुप्पट झाला की ओढ दुप्पट होत नाही, चौपट होते, कारण ओढ वेगाच्या वर्गाने वाढते. १५ नॉटचा वारा २१ नॉटवर गेला तर किनाऱ्यावर बसलेल्याला टोपी धरावी लागते, एवढाच फरक. पण पतंगाच्या दोरीवरची ओढ तेवढ्यात जवळजवळ दुप्पट झालेली असते. डोळ्याला झुळूक दिसते आणि कमरेला हिसका बसतो.

म्हणून आकाराचा प्रश्न महत्त्वाचा. काइटबोर्डिंग करणारे एक ढोबळ हिशेब वापरतात: आपलं किलोतलं वजन गुणिले २.२, भागिले वाऱ्याचे नॉट. ७० किलोचा माणूस आणि १४ नॉटचा वारा, तर उत्तर ११ चौरस मीटर, म्हणजे आपली दहा बाय बाराची खोली. वारा १८ नॉट असेल तर साडेआठच्या आसपास, म्हणजे दहा बाय दहाच्या खोलीहूनही लहान. २५ नॉटला जेमतेम सहा, म्हणजे चाळीतलं स्वयंपाकघर. तोच माणूस, तोच समुद्र, पण वारा वाढेल तशी खोली लहान होत जाते.

म्हणजे ‘पहिला पतंग किती मीटरचा?’ याचं उत्तर दुकानात मिळत नाही, ते तुमच्या किनाऱ्यावर मिळतं. मोरजीच्या दुपारच्या मवाळ वाऱ्यात सत्तर किलोच्या माणसाला ११ किंवा १२ मीटरचा पतंग कामाला येईल. तोच पतंग घेऊन तो पावसाळी वाऱ्याच्या मोसमात श्रीलंकेतल्या कल्पिटियाला गेला, तर बहुतेक दिवस बॅग उघडायची हिंमत होणार नाही. तिथे ९ किंवा त्याहून लहान पतंग लागतो. दोन आकारांच्या मध्ये अडकलात तर शिकताना लहान घ्या. ओढ कमी पडली तर दुपार वाया जाते, जास्त झाली तर माणूस. मात्र फार लहान पतंग डासासारखा चपळ असतो, हात जरा हलला की गर्रकन वळतो. मोठा पतंग बैलगाडीसारखा सावकाश वळतो. नवख्याला या दोन्हींच्या मधला बरा.

चाणाक्ष वाचक इथे अडेल. ओढ वर्गाने वाढते, मग हिशेबात साधा भागाकार कसा? कारण उरलेला फरक माणूस हाताने सांभाळतो. तो कसा, हे समजायला संक्रांतीच्या गच्चीवर जायला हवं.

कागदी पतंगाला मांजा जोडण्याआधी आपण कन्नी बांधतो. वरच्या भोकातून एक दोरा, खालच्या भोकातून दुसरा, दोन्ही पुढे एका गाठीत. वारा जोराचा असला की जाणता माणूस खालचा दोरा किंचित लांब ठेवतो. मग पतंगाचा खालचा भाग मागे जातो, पतंग वाऱ्यावर आडवा होतो, त्याची छाती वाऱ्यापुढे कमी येते आणि ओढ उतरते. वारा मंद असेल तर उलटं करायचं. आकार तोच, कागद तोच, फक्त कोन बदलला. अडचण एवढीच की कन्नी एकदा बांधली की बांधली. वर गेलेल्या पतंगाची गाठ बदलता येत नाही.

काइटबोर्डिंगच्या पतंगाने ती गाठ माणसाच्या हातात आणून दिली. चारपैकी दोन दोऱ्या पतंगाच्या पुढच्या कडेला जातात. माणसाचा बहुतेक भार त्या दोन झेलतात आणि तो कमरेच्या पट्ट्याला, म्हणजे हार्नेसला लागतो. उरलेल्या दोन मागच्या कडेला जातात आणि हातातल्या दांडीला, म्हणजे बारला जोडलेल्या असतात. बार जवळ ओढला की मागची कड खाली येते, पतंग वाऱ्याला छाती देतो, ओढ वाढते. बार लांब सरकवला की मागच्या दोऱ्या सैल पडतात, पतंग आडवा होतो, ओढ उतरते. कन्नीचा खालचा दोरा वाऱ्यातल्या वाऱ्यात, क्षणाक्षणाला लहानमोठा करण्याचीच ही सोय आहे. हीच या खेळातली ढील.

या साध्या सोयीपर्यंत पोचायला माणसाला फार वेळ लागला. पतंगाची ओढ वापरायची कल्पना जुनी आहे. इंग्लंडमध्ये ब्रिस्टलचे शाळामास्तर जॉर्ज पोकॉक यांनी १८२६ मध्ये पतंगांनी ओढायच्या गाडीचं पेटंट घेतलं. गाडीला घोडा नसल्याने नाक्यावर टोल आकारता येईना, असं सांगतात. १९०३ मध्ये सॅम्युअल कोडी यांनी पतंगाने ओढलेल्या होडीतून इंग्लिश खाडी ओलांडली. ओढ सगळ्यांना मिळाली होती. प्रश्न होता पतंग पाण्यात पडल्यावरचा. भिजलेला पतंग समुद्रातून पुन्हा उठत नाही, आणि किनारा लांब असतो.

याचं उत्तर फ्रान्सच्या पश्चिम टोकाकडच्या ब्रिटनी प्रांतातल्या ब्रुनो आणि डॉमिनिक लेगेन्यू या भावांनी शोधलं. नोव्हेंबर १९८४ मध्ये त्यांनी हवा भरलेल्या नळ्यांच्या पतंगाचं पेटंट नोंदवलं. पुढच्या कडेला एक जाड फुगीर नळी आणि तिला काटकोनात जोडलेल्या बारीक नळ्या. या नळ्याच पतंगाचा सांगाडा आणि त्याच पाण्यातला तरंगा. पतंग पडला तरी बुडत नाही, कमानीसारखा पाण्यावर बसून राहतो आणि पुन्हा वारा धरून उठतो. बाजाराने मात्र या कल्पनेकडे बराच काळ पाठ फिरवली. १९९७ च्या सुमारास ‘विपिका’ या नावाने त्यांचे पतंग विकले जाऊ लागले, तेव्हा हा खेळ खऱ्या अर्थाने सुरू झाला.

ते पतंग इंग्रजी ‘सी’ अक्षरासारखे खोल वाकलेले होते आणि दोऱ्या थेट चार कोपऱ्यांना बांधलेल्या. बार कितीही लांब ढकलला तरी थोडीशीच ओढ उतरायची. तरंगण्याचा प्रश्न सुटला, सोडण्याचा राहिला. २००५ च्या सुमारास ब्रुनो लेगेन्यू यांचाच दुसरा शोध बाजारात आला: ‘बो’ पतंग. त्याची कमान चपटी, मागची कड आत वळलेली, आणि पुढच्या कडेला अनेक ठिकाणी बांधलेल्या दोऱ्यांचं जाळं. थोडक्यात, शास्त्रशुद्ध कन्नी. आता बार पुढे सरकवला की जवळजवळ सगळी ओढ गळून पडू लागली. दोनशे वर्षांच्या या गोष्टीतली सर्वांत मोठी उडी अशी ढिलीची आहे.

म्हणून पहिला पतंग घेताना आकारानंतर ठेवण बघावी. खोल वाकलेला ‘सी’ पतंग उड्यांच्या कसरती करणाऱ्यांसाठी सोडा. नवख्याला ‘बो’, किंवा पंखांची टोकं मागे झुकलेला ‘डेल्टा’, किंवा या घराण्यांच्या मिश्रणातला एखादा. डेल्टा पाण्यात पडला की एक मागची दोरी ओढून धरायची. तो टोकावर कलंडतो, वाऱ्याच्या कडेला सरकतो आणि आपण होऊन उठतो. पहिल्या महिन्यात पतंग दिवसातून वीस वेळा पडणार असेल, तर हा गुण वेगापेक्षा मोलाचा.

दुसरी गोष्ट, पंखाची लांबी आणि रुंदी यांचं प्रमाण. लांब अरुंद पंख झपाट्याने झेपावतो आणि नवख्याच्या चुकाही झपाट्याने मोठ्या करतो. आखूड रुंद पंख चुका पोटात घालतो. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये हा खेळ पहिल्यांदा आला आणि त्याच्या शर्यती मार्सेयच्या समुद्रात झाल्या. तिथले लांबलचक पतंग पाहून भुलू नका. मोटारीचं लायसन्स काढायला कुणी शर्यतीची गाडी घेत नाही.

आता खिशाचा प्रश्न. नवा पतंग आणि बार घ्यायचा तर दुचाकी घेण्याएवढी तयारी ठेवावी लागते. त्यामुळे बरेच जण वापरलेला घेतात, आणि त्यात गैर काही नाही. फक्त तो कानाने तपासावा. नव्या पतंगाचं कापड चुरगळलं की कोऱ्या नोटेसारखं कुरकुरतं. ऊन खाल्लेलं कापड जुन्या धोतरासारखं मऊ आणि मुकं होतं. असा पतंग ऐन झुळकीत फाटतो. मग नळ्या फुगवून पतंग काही तास तसाच ठेवावा आणि परत येऊन बोटाने दाबावा. नळी सैल लागली तर आतल्या फुग्यातून किंवा झडपेतून हवा जाते आहे. चारही दोऱ्या एका खुंटीला अडकवून ताणाव्यात. लांबी सारखी नसेल तर पतंग आपल्याच मनाने एका बाजूला वळत राहील. आणि ‘बो’ येण्याआधीचा पतंग कुणी फुकट दिला तरी घेऊ नये.

हे सगळं खरेदीचं झालं. पण खरेदीच्या आधी शिक्षकाकडे काही दिवस शिकणं आलंच. तिथे सुरुवातीला दोन-तीन चौरस मीटरचा छोटा पतंग वाळूवर उडवायला देतात, आणि एक चमत्कारिक गोष्ट समजते. वाऱ्याकडे पाठ करून उभे राहा. पतंग फिरू शकतो ती जागा समोर पसरलेली असते, कलिंगडाच्या पाव फोडीसारखी. डोक्यावर किंवा अगदी कडेला पतंग गरीब असतो. समोरच्या मध्यावरून झेपावला की तोच पतंग अंगात आल्यासारखा ओढतो, कारण तिथे त्याचा स्वतःचा वेगही वाऱ्यात मिळतो, आणि वेगाचा पुन्हा वर्ग होतो. पहिल्यांदा हा झटका बसतो तेव्हा प्रत्येक जण एकच करतो: मूठ आवळतो आणि बार छातीशी ओढतो. झाडावरून पडताना फांदी धरावी, तसं. पण इथे फांदीच ओढत असते. जितकं घट्ट धराल तितकी ओढ वाढते.

वाचण्याचा रस्ता मूठ उघडण्यात आहे. बार सोडला की तो आपोआप लांब जातो आणि ओढ उतरते. तेवढ्याने भागलं नाही तर हार्नेसजवळची क्विक रिलीज, म्हणजे झटक्यात सुटणारी कळ, ढकलायची. सगळा पतंग एकाच दोरीवर लोळत खाली येतो. तरीही काही बिनसलं तर ती शेवटची दोरीही, म्हणजे लीश, सोडून द्यायची आणि पतंगाला हात जोडायचे.

म्हणून दुकानात रंग आणि किंमत विचारण्याआधी एक काम करा. हार्नेस बांधा, बार अडकवा आणि सोबतच्या माणसाला दोऱ्या अंगचा जोर लावून ओढायला सांगा. मग डोळे मिटा आणि एका हाताने क्विक रिलीज शोधून ढकला. ती पहिल्या झटक्यात सुटली आणि सोबतचा माणूस दोऱ्यांसकट मागच्या मागे बसला, तर रंगाची चौकशी करायला हरकत नाही.