जुनी शिडाची होडी पुन्हा पाण्यात न्यायचीय? आधी टोच्याने लाकूड तपासा, मग फायबरवाल्याला बोलवा

मालवण, देवगड, वेंगुर्ले या तालुक्यांत खाडीच्या कडेनं फिरलं तर माडाखाली किंवा मांगराच्या वळचणीला एखादी लाकडी होडी पडलेली दिसतेच. आजोबांनी बांधून घेतलेली, वडिलांनी शीड लावून चालवलेली आणि घरात इंजिनाची फायबर बोट आल्यावर तशीच राहून गेलेली. आता घरातली तरुण पोरं विचारतात, ही दुरुस्त होईल का? कुणाला पर्यटकांना फिरवायचंय, कुणाला खाडीत गरी टाकायला जायचंय, कुणाला नुसती आजोबांची आठवण म्हणून हवीय. बहुतेक होड्या दुरुस्त होतात. पण कामाचा क्रम उलटा झाला तर पैसेही जातात आणि होडीही जाते.

उलटा क्रम म्हणजे काय, तर वरवर घासायचं, भेगांत लांबी भरायची आणि बाहेरून फायबरचा थर चढवून मोकळं व्हायचं. दिसायला नवी कोरी. आत मात्र ओलं लाकूड कोंडलेलं राहतं. ओल बाहेर पडायला वाट नसते आणि बुरशीला तेच हवं असतं. शिवाय ज्या होडीला वर्षानुवर्षं उंडीचं तेल पाजलंय, त्या लाकडाला फायबरचं रेझिन नीट धरत नाही. काही दिवसांनी थर सुटतो, मधे पाणी शिरतं आणि आतली फळी कुजल्याचं बाहेरून कळतही नाही. फायबर वाईट असं माझं म्हणणं नाही. कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेनं रबराच्या लाकडाच्या होड्यांवर फायबर चढवून दाखवलंय, पण ते लाकडावर आधी औषधप्रक्रिया करून. आपल्याकडे तेवढंच नेमकं गाळलं जातं.

एक गोष्ट अनेकांना पटत नाही. होडी कुजते ती खाऱ्या पाण्यानं नाही, पावसाच्या पाण्यानं. मिठाच्या पाण्यात लाकूड कुजवणारी बुरशी सहसा वाढत नाही. म्हणून रोज समुद्रात जाणारी होडी टिकते आणि अंगणात उताणी ठेवलेली, आत पावसाचं पाणी आणि पातेरा साठलेली होडी लवकर संपते. समुद्रातला शत्रू वेगळा, तो म्हणजे लाकूड पोखरणारा किडा. दिसायला अळीसारखा, पण जात शिंपल्याची. बाहेरून टाचणीएवढं भोक आणि आत बोटभर बोगदा. होडी पाण्याबाहेर काढून लाकूड पूर्ण सुकलं की हा मरतो. त्यामुळे खूप वर्षं जमिनीवर असलेल्या होडीत जिवंत किड्याची भीती नाही, पण त्यानं आधी केलेली पोकळी तशीच असते.

म्हणून पहिलं काम तपासणीचं. त्याला खर्च नाही, फक्त टोच्या आणि छोटी हातोडी लागते. हातोडीनं फळीवर टकटक करत जायचं. चांगलं लाकूड खणखणीत वाजतं, पोकळ किंवा कुजलेलं बद्द वाजतं. बद्द वाजेल तिथं टोच्या घालून बघायचा. सहज आत गेला आणि लाकडाची लांब ढलपी न निघता भुगा किंवा चौकोनी तुकडे निघाले, तर ते लाकूड गेलं. सगळ्यात आधी बघायच्या जागा म्हणजे पाणी साठतं त्या. तळाचं मुख्य लाकूड आणि नाळ जिथं जुळतात तो सांधा, बसायच्या फळ्यांची टोकं, मागची आडवी फळी आणि डोलकाठीचं बूड ज्या खाचेत बसतं ती खाच.

शिडाच्या होडीत ही खाच दुर्लक्षून चालत नाही. वल्ह्याच्या होडीला तिची गरजच नसते, पण शिडात वारा भरला की डोलकाठी तिथं खाली दाबते आणि बाजूलाही रेटते. खाच कुजकी असेल तर भर वाऱ्यात काठीचं बूड तळाची फळी फोडून जाऊ शकतं. बाकी काही पुढं ढकललं तरी चालेल, इथं काटकसर करू नये. सुकाणूच्या बिजागऱ्याही काढूनच बघाव्यात. लोखंडी खिळ्याभोवती लाकूड काळं पडलं असेल तर गंजानं ते आतून खाल्लेलं असतं. तिथं तांब्याचे किंवा जस्ताचा मुलामा असलेले खिळे घ्यावेत.

माझ्या मते तळाचं मुख्य लाकूड आणि अर्ध्याहून जास्त फासळ्या गेल्या असतील तर ती दुरुस्ती नाही, नवी बांधणीच आहे. तसं मेस्त्रीशी आधीच स्पष्ट बोलावं.

सुकवण्याचा हंगाम दिवाळीनंतरचा. होडी सरळ ठेवून खाली तीन-चार ठिकाणी ओंडके द्यायचे, नाहीतर स्वतःच्या वजनानं तिचा आकार बिघडतो. वर झापांची सावली हवी, बाजूनं वारा खेळता हवा. थेट उन्हात ठेवली तर फळ्या चिरतात. लाकडातली ओल २० टक्क्यांच्या खाली आली की बुरशीची वाढ थांबते. ओल मोजायचं लहान यंत्र काही लाकूड व्यापाऱ्यांकडे असतं, विचारून बघा.

गेलेली फळी कापताना कुजक्या भागाच्या पुढं चांगल्या लाकडापर्यंत जावं लागतं. नवा तुकडा त्याच जाडीचा, शक्यतो त्याच जातीचा. जोड सरळ कापून टोकाला टोक लावायचा नाही. आंब्याचं कलम बांधताना आपण तिरका काप घेतो ना, तसाच, फक्त लांब. १ इंच जाडीच्या फळीला निदान ८ इंचांचा उतार. शेजारच्या दोन फळ्यांचे जोड एका रेषेत येऊ द्यायचे नाहीत. लाकूड आपल्या सर्व्हे नंबरातलं असलं तरी साग, ऐन, फणस तोडायला परवानगी लागते, १९६४ पासूनचा कायदा आहे. ते आधी विचारून घ्या.

काथ्यानं शिवलेल्या रापणीच्या होडीची गोष्ट निराळी. तिथं खिळा नसतो, शिवण उसवून पुन्हा शिवावी लागते आणि ते जाणणारे हात आता थोडेच. याच शिवणीच्या पद्धतीनं बांधलेलं, अजिंठ्याच्या चित्रावरून बेतलेलं 'कौंडिण्य' हे शिडाचं जहाज मे २०२५ मध्ये कारवारला नौदलात दाखल झालं.

खिळ्यांच्या होडीत फळ्यांच्या फटी बुजवायला सुती दोरा बोथट छिन्नीनं ठोकून बसवतात आणि वरून राळ-तेलाचा लेप देतात. फार गच्च ठोकायचं नाही. लाकूड पाण्यात फुगणार आहे, त्याला जागा हवी. सिमेंट किंवा दगडासारखी घट्ट होणारी लांबी भरली तर फुगणारी फळी खिळे उपटते.

मासेमारीला वापरायची तर मत्स्यव्यवसाय खात्याकडे नोंदणी आणि परवाना तपासा, जुना कागद असला तरी. पर्यटक बसवायचे असतील तर महाराष्ट्र सागरी मंडळाची परवानगी आणि प्रत्येक माणसागणिक लाइफ जॅकेट हवं.

होडी पहिल्यांदा पाण्यात उतरवली की गळणारच, घाबरू नका. सुकलेल्या फळ्या फुगून फटी मिटायला एक-दोन दिवस लागतात. आधी आतून ओली गोणपाटं पसरून ठेवली तर काम लवकर होतं. पण जमिनीवर असताना आत पाणी भरून ठेवू नये, कारण एक घनमीटर पाणी म्हणजे १००० किलो आणि ते सगळं वजन जुन्या सांध्यांवर येतं. उथळ पाण्यात दोरीनं बांधून ठेवायची, भरती-ओहोटीला जाऊन पाणी उपसायचं. तिसऱ्या दिवशीही एखाद्या जागेतून धार येत असेल तर तिथं खूण करून होडी परत वर घ्यायची आणि तो सांधा पुन्हा भरायचा. शीड त्यानंतर.