त्याला ‘नको’ म्हणता यावं म्हणून

मानेच्या वरचा पोपट देखणा होता. करड्या, कडेला पांढुरक्या पिसांचं डोकं, काळी चोच, फिकट पिवळे डोळे. मानेखाली मात्र छाती उघडी पडलेली, गुलाबी कातडी आणि तिच्यावर कुठेकुठे मऊ पिसांचे पुंजके. आफ्रिकन ग्रे स्वतःची पिसं उपटायला लागला की असाच दिसतो. चोच अंगभर फिरते, डोक्यापर्यंत तेवढी पोचत नाही. डोकंही बोडकं झालं असेल, तर डॉक्टर वेगळा आजार शोधतात.

त्याला पाळणारे काका मुलाकडे कायमचे परदेशी निघाले होते आणि पोपटाला घर हवं होतं. पुण्यात ‘पोपट दत्तक हवाय’ म्हणणाऱ्यांना बहुतेकदा आपला हिरवा, कंठवाला राघू हवा असतो. तो पाळणं हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. २०२२ च्या दुरुस्तीनंतर तो अनुसूची २ मध्ये आहे. असा पोपट जखमी किंवा पिंजऱ्यात आढळला, तर वन विभागाच्या १९२६ क्रमांकावर फोन करायचा. बावधनला वन विभागाचं उपचार केंद्र आहे आणि तिथलं काम रेस्क्यू संस्था पाहते. तिथून पोपट कुणाच्या घरी जात नाहीत. त्यांना पुन्हा उडतं करून सोडणं, हाच तिथला हेतू असतो. आफ्रिकन ग्रे परदेशी, त्यामुळे त्याचा मार्ग वेगळा. २०१७ पासून तो वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या साइट्स कराराच्या परिशिष्ट १ मध्ये आहे, आणि २०२४ च्या नियमांनुसार असा पक्षी बाळगणाऱ्याला पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर नोंद करावी लागते. म्हणून आधी कागद पुरे केले, मग पिंजरा आमच्या घरी हलवला.

पिसं उपटणं ही ‘सवय’ आहे असं लोक सहज म्हणतात. पण आधी रक्त, विष्ठा, एक्स-रे. यकृत बिघडलेलं असू शकतं, कातडीला संसर्ग असू शकतो, पिंजऱ्याच्या मुलाम्यातलं जस्त पोटात गेलेलं असू शकतं. हे सगळं तपासून झालं, तेव्हा उरलं त्याचं जगणं: सूर्यफुलाच्या बिया, चहात बुडवलेलं बिस्किट, आणि रात्री उशिरापर्यंत टीव्हीसमोरचा पिंजरा.

हा पक्षी विषुववृत्ताजवळच्या जंगलांतला. तिथे वर्षभर जवळपास बारा तास अंधार असतो आणि हवेत ओलावा असतो. आमच्याकडे मार्च-एप्रिलची हवा इतकी कोरडी, की माणसाचेही ओठ फुटतात. पिंजरा आतल्या खोलीत नेला. संध्याकाळी पडदे ओढायचे आणि सकाळपर्यंत तिकडे कुणी फिरकायचं नाही. सकाळी कोमट पाण्याचा बारीक फवारा, तोही त्याच्या अंगावर नाही, बाजूला मारायचा. त्याला हवं असेल तर तो पंख पसरून त्याखाली येतो. नको असेल तर येत नाही.

मला या सगळ्यात हेच मोलाचं वाटतं. या पक्ष्याच्या आयुष्यात त्याच्या नकाराला कधी किंमतच नव्हती. टॉवेल टाकून धरायचं, नखं कापायची, पाहुण्यांसमोर ‘बोल, बोल’ करायचं. हात दिसला की पिसं अंगाशी घट्ट चिकटायची, डोळ्यांतल्या बाहुल्या लहानमोठ्या व्हायच्या, अंग मागे झुकायचं. एवढं सांगूनही हात पुढे येतच राहिला, की चावा. लोक चाव्याला रागीटपणा म्हणतात. मला ते त्याचं शेवटचं वाक्य वाटतं, आधीची सगळी न ऐकल्यामुळे उच्चारलेलं.

म्हणून सुरुवात लांबून केली. पिंजऱ्याच्या गजांतून एक बारीक काडी दाखवायची, त्याने चोचीने टोक शिवलं की एक सूर्यफुलाची बी. आता ती बी ताटलीत मिळत नाही, बक्षीस म्हणूनच मिळते. अंग मागे झुकलं की काडी मागे घ्यायची आणि आपण निघून जायचं. चावायची गरजच पडू द्यायची नाही. काडीवरून जाडसर फांदी, फांदीवरून मनगट. हे आठवड्यांचं नाही, महिन्यांचं काम आहे.

जंगलात पोपटाचा बराचसा दिवस अन्न शोधण्यात जातो. म्हणून आमच्याकडे त्याचं अन्न लपवलेलं असतं. मंडईतून आणलेल्या पळसाच्या पत्रावळी दुमडून आत लाल भोपळ्याचे तुकडे, शहाळ्याच्या सालीत मक्याचे दाणे, पेरूच्या फांदीला बांधलेला शेवग्याचा पाला. नुसत्या बियांवर वाढलेल्या पोपटांना अ जीवनसत्त्व आणि कॅल्शियम कमी पडतं, ते या पाल्यातून आणि भोपळ्यातून मिळतं. मिरचीही तो मिटक्या मारत खातो, कारण पक्ष्यांना तिचा तिखटपणा जाणवत नाही. चहा, चॉकलेट, अ‍ॅव्होकॅडो पूर्ण बंद. स्वयंपाकघरातून नॉनस्टिक तवाही गेला. तो फार तापला तर त्याची वाफ पक्ष्याला काही मिनिटांत मारू शकते.

पिसं येतात. नवं पीस रक्ताने भरलेल्या नळीतून वर येतं आणि तेव्हा खाजतं, म्हणजे नेमकं बरं होतानाच उपटायची ओढ सर्वांत जास्त. गणपतीत ढोल सुरू झाले तेव्हा छातीवरची बरीच गेली. काही जागी आता कधीच येणार नाहीत, असं डॉक्टरांनी सांगितलं आहे. ती छाती बघून हळहळणाऱ्यांना मी पत्रावळ फाडताना त्याच्याकडे बघायला सांगते.

हा पक्षी माणसाच्या घरात चाळीस, कधी साठ वर्षंही जगतो. आमच्यानंतर तो कुणाकडे जाणार, हे आत्ताच ठरवायला हवं होतं. माझी पुतणी रविवारी येते, काडी धरून बसते. तिच्या मनगटावर तो अजून येत नाही, फांदीवर येतो.