प्लेटलेटच्या पोटातलं सेरोटोनिन

डेंग्यूच्या साथीत घरोघरी ज्यांचा आकडा विचारला जातो, त्या प्लेटलेट म्हणजे खरं तर पेशींचे तुकडे. आकार जेमतेम २ ते ३ मायक्रॉन, केंद्रक नाही, आयुष्य ७ ते १० दिवसांचं. तरीही रक्तातलं जवळजवळ सगळं सेरोटोनिन याच तुकड्यांच्या पोटात असतं!

सेरोटोनिन म्हटलं की आपल्याला मन आणि मेंदू आठवतो. पण शरीरातलं सुमारे ९० टक्के सेरोटोनिन आतड्यात तयार होतं. तिथून ते रक्तात उतरतं. मेंदूत मात्र त्याला शिरकाव नाही. प्लेटलेटला ते स्वतः बनवता येत नाही, त्या ते रक्तातून वेचून घेतात.

हे वेचण्याचं काम करतं त्यांच्या आवरणातलं ‘सर्ट’ नावाचं वाहक प्रथिन. रक्तात सोडियम भरपूर, पेशीच्या आत कमी. त्यामुळे सोडियमची सतत आत येण्याची ओढ असते. प्रवाहावर पाणचक्की फिरावी तसं सर्ट या ओढीवर चालतं. सोडियम आणि क्लोराइडबरोबर सेरोटोनिनचा रेणू आत येतो, आणि पूर्ववत होताना सर्ट पोटॅशियम बाहेर नेऊन सोडतं. आत आलेलं सेरोटोनिन दुसरा एक वाहक इवल्या कणिकांमध्ये ठासून भरतो. रक्तवाहिनीला जखम झाली की हा साठा मोकळा होतो, वाहिनी आकसायला आणि इतर प्लेटलेट जाग्या व्हायला मदत होते.

मला सगळ्यात थक्क करते ती पुढची गोष्ट. मेंदूतल्या चेतापेशीही निरोप देऊन झाला की सेरोटोनिन परत आत ओढतात, आणि १९९३ साली प्लेटलेटमधल्या वाहकाची रचना उलगडली तेव्हा ती मेंदूतल्या वाहकाशी तंतोतंत जुळली. एकच जनुक, एकच प्रथिन! मानवी सर्टच्या जनुकाची प्रत त्याच वर्षी हाती आली, तीही वारेतून.

म्हणूनच नैराश्यावरचं फ्लुऑक्सेटिन मेंदूतलं सर्ट अडवतं तसंच रक्तातलंही. नव्या प्लेटलेट जवळपास रिकाम्याच फिरू लागतात आणि रक्तस्रावाची शक्यता थोडी वाढते. जोडीला ॲस्पिरिन असेल तर आणखी. औषध मनानं बंद करू नये, पण ही जोडी डॉक्टरांच्या कानावर जरूर घालावी.

फुफ्फुसांतल्या रक्तवाहिन्यांचं अस्तरही सर्टच्या मदतीनं सेरोटोनिन टिपून घेतं आणि तिथेच त्याचं विघटन करतं. कार्सिनॉइड गाठींच्या काही रुग्णांत रक्तात सेरोटोनिनचा पूर येतो, तेव्हा हृदयाच्या उजव्या बाजूच्या झडपा जाड होतात. डाव्या बहुधा वाचतात, कारण तिथलं रक्त फुफ्फुसांतून गाळून आलेलं असतं.