आरास कधी करावी?

दसऱ्याचं सोनं वाटून होतं न होतं तोच बाजारात आकाशकंदील दिसू लागतात आणि घरोघरी चर्चा सुरू होते. मुलं म्हणतात, आजच लावू. मोठी माणसं म्हणतात, वसुबारस तरी येऊ द्या. प्रश्न दिसायला लहान आहे, पण त्याच्या पोटात पंचांग आहे, चंद्र आहे आणि शेजारही आहे.

आधी दिवाळीचं पाहू. आकाशकंदिलाचं नातं ‘आकाशदीप’ या जुन्या प्रथेशी आहे. कार्तिकात उंच काठीवर दिवा टांगायचा. काही ठिकाणी तो कोजागरी पौर्णिमेपासून कार्तिक पौर्णिमेपर्यंत ठेवतात. म्हणजे घाई करणाऱ्या मुलांच्या बाजूनेही परंपरा आहेच! बहुतेक घरांत मात्र वसुबारस किंवा धनत्रयोदशीला कंदील लागतो आणि तुळशीचं लग्न होईपर्यंत राहतो.

आमच्या घरी ईदची गोष्ट निराळी. हिजरी महिना एकोणतीस किंवा तीस दिवसांचा. रमजानच्या एकोणतिसाव्या संध्याकाळी चंद्र दिसला तर उद्या ईद, नाही दिसला तर परवा. रमजानच्या शेवटच्या आठवड्यात अम्मी पडदे आणि चादरी धुऊन, इस्त्री करून ठेवायची. पण ते दारा-खिडक्यांना चढायचे चाँदरातीलाच, चंद्र दिसल्याची खबर आल्यावर. मिलादचंही तसंच. रबिउल अव्वलचा चंद्र दिसला की मोहल्ल्यात झेंडे आणि दिव्यांच्या माळा लागतात, कारण ईद-ए-मिलाद त्या महिन्याच्या बारा तारखेला असते.

चंद्र तर दोघांचा एकच, मग दिवाळी थंडीच्या तोंडावरच का येते आणि ईद सगळे ऋतू का फिरते? चांद्रवर्ष सुमारे ३५४ दिवसांचं, म्हणजे सौरवर्षापेक्षा साधारण ११ दिवसांनी कमी. हिंदू पंचांग ही तूट साधारण तेहतीस महिन्यांनी अधिक महिना घालून भरून काढतं. हिजरी कालगणनेत अधिक महिना नाही, म्हणून ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस आधी येते आणि तेहतीसएक वर्षांत वर्षाचा पूर्ण फेरा करते. २००४, २००५ आणि २००६ अशी सलग तीन वर्षं दिवाळी आणि रमजान ईद एकाच आठवड्यात आल्या होत्या. भाऊबिजेला बहीण आधी जिला ओवाळते, तीच कोवळी कोर आमच्याकडे नवा महिना घेऊन येते. २०३७ च्या सुमारास हे सण पुन्हा असेच शेजारी-शेजारी येतील.

नाताळची तारीख ठरलेली, २५ डिसेंबर. त्याआधीच्या चौथ्या रविवारी ख्रिस्ती बांधवांचा आगमनकाळ सुरू होतो. मग दारात तारा लागतो, गव्हाणीचा देखावा उभा राहतो. पण अनेक घरांत गव्हाणीतली बाळाची जागा रिकामी ठेवतात. बाळ येशूची मूर्ती तिथे येते २४ तारखेच्या रात्री.

आता लक्षात येईल की तिन्ही ठिकाणी तयारी आधीपासून आहे, पण काहीतरी एक राखून ठेवलेलं आहे. आरास सणाची असते, तशी ती वाट पाहण्याचीही असते. बाजाराला वाट पाहणं परवडत नाही. तो महिनाभर आधी दिवे लावतो आणि सण येईपर्यंत आपले डोळे त्या दिव्यांना सरावून जातात.

दुसरी गोष्ट शेजाराची. वर्षभरात माणूस गेलेल्या घरात बहुधा त्या दिवाळीला कंदील लागत नाही. फराळ नातलग आणि शेजारी पाठवतात. आमच्यात शोक तीन दिवसांचा, आणि पती गेलेल्या स्त्रीसाठी चार महिने दहा दिवसांचा. पण पहिली ईद दिवस मोजत नाही, ती जडच जाते.

२००५ साली दिवाळीच्या महिनाभर आधी आमच्या शेजारचे काका गेले. त्यांच्या दारात त्या वर्षी कंदील नव्हता. चारच दिवसांनी ईद आली. मुलांसाठी दिव्यांची नवी माळ आणलेली होती, पण अब्बा म्हणाले, “पडदे बदला, माळ राहू दे.” कोणाला कारण विचारावं लागलं नाही. चाँदरातीला काकू स्वतः आल्या आणि अम्मीला म्हणाल्या, “भाभी, दारात अंधार का? लेकरांची ईद आहे, माळ लावा.” त्यांच्याच मुलाने स्टूल आणून ती चढवली. आमच्या दाराला माळ केव्हा लागावी, हे त्या वर्षी काकूंनी ठरवलं. त्यांच्याइतका तो अधिकार दुसऱ्या कोणाचा नव्हता.

तेव्हा कोणी मला विचारलंच, तर मी एवढंच सांगेन. करायला हवं तेवढ्या आधी करायला घ्या. कंदिलाच्या कामट्या, कागद, खळ यांत मुलांचे चार दिवस आनंदात जातात. मात्र लावायचा दिवस आपल्या रीतीप्रमाणे ठरवा आणि तोवर मुलांना थांबू द्या. लावण्याआधी एकदा शेजारच्या दाराकडे पाहा. तिथे अंधार असेल तर आधी त्या घरी जाऊन या.

आणि उतरवायचं कधी, हेही ठरलेलंच बरं. नाताळची आरास पुष्कळ घरांत ६ जानेवारीपर्यंत असते, कंदील तुळशीच्या लग्नापर्यंत. त्यानंतर माळा गुंडाळून, खोक्यावर नाव घालून माळ्यावर ठेवाव्यात. दाराला फाल्गुनापर्यंत सुकलेलं तोरण लोंबत असेल, तर पुढच्या सणाने कुठून आत यायचं?