परिचारिका व आरोग्यविषमता : यवतमाळ जिल्हा

वंश, जात वा जमात यांमुळे लोकसमूहांच्या आरोग्यमानात जी टाळता येण्याजोगी तफावत पडते, तीस आरोग्यविषमता म्हणतात. अमेरिकेत तिचे स्वरूप प्रामुख्याने वर्णभेदाचे असून तेथील कृष्णवर्णीय परिचारिकांना १९०८ मध्ये स्वतंत्र संघटना स्थापावी लागली. भारतात तिची मुळे जातिव्यवस्थेत व आदिवासींच्या अलगपणात आहेत. अस्पृश्यतेच्या कारणावरून रुग्णालयात प्रवेश नाकारणे १९५५ च्या कायद्याने गुन्हा ठरले. प्रवेशानंतरची वागणूक मात्र खाटेशेजारीच ठरते आणि तेथे सर्वाधिक काळ परिचारिका असते.

यवतमाळ जिल्ह्यात गोंड, परधान, आंध, कोलाम इ. जमाती राहतात. त्यांपैकी कोलाम ही महाराष्ट्रातील तीन आदिम जमातींपैकी एक असून केळापूर, झरी-जामणी, मारेगाव, घाटंजी इ. तालुक्यांत तिची वस्ती आहे. कोलामांच्या वाडीला ‘पोड’ म्हणतात; ती बहुधा मुख्य गावापासून दूर असते. आदिवासी व डोंगराळ भागात ३,००० लोकसंख्येस एक आरोग्य उपकेंद्र असावे, असा शासकीय निकष आहे (सपाट प्रदेशात ५,०००). तथापि हा निकष माणसे मोजतो, अंतर मोजत नाही. उपकेंद्र मोठ्या गावात असल्यास परिचारिका नाला ओलांडून पोडावर जाते की नाही, यावर तेथील लसीकरण व गरोदर स्त्रियांची तपासणी अवलंबून राहते. शिवाय पोडाची नोंद गावाच्या आकड्यांत मिसळली, की गावाची चांगली सरासरी पोडाची उणीव झाकून टाकते. म्हणून पोडनिहाय वेगळी नोंद ठेवणे हे वरवर कारकुनी वाटणारे काम प्रस्तुत लेखकाच्या मते परिचारिकेचे सर्वांत महत्त्वाचे काम होय. जी तफावत वहीत दिसत नाही, तिच्यासाठी वाहन, औषधे वा मनुष्यबळ मागता येत नाही.

कोलामी ही द्राविड भाषा आहे. कोलाम लोक सामान्यतः मराठीही बोलतात. परंतु वेदनेचे वर्णन मातृभाषेतच नेमके होते. ‘यांना सांगून कळत नाही’ हा शेरा पुष्कळदा भाषेचा दोष रुग्णाच्या माथी मारतो.

दात्रकोशिका पांडुरोग (सिकलसेल) हा आनुवंशिक विकार विदर्भातील आदिवासींत, तसेच अनुसूचित जातींत व इतर काही समाजांत आढळतो. आईवडील दोघेही वाहक असल्यास प्रत्येक गरोदरपणात अपत्य रुग्ण असण्याची शक्यता एक-चतुर्थांश असते. विद्राव्यता चाचणीने प्राथमिक निदान व विद्युत्-संचारण चाचणीने त्याची निश्चिती होते. २०२३ मध्ये या विकाराच्या निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू झाले. चाचणी सोपी, समुपदेशन अवघड. वाहक म्हणजे रुग्ण नव्हे, हे न समजल्याने ठरलेली लग्ने मोडू शकतात आणि मुख्यतः मुलीला दोष लागतो. विकारावर ‘अमक्या जातीचा रोग’ असा शिक्का बसण्याचा धोकाही असतो. त्यामुळे चाचणीचा निष्कर्ष गुप्त राखणे व वधूवर दोघांचीही तपासणी करविणे परिचारिकेवर येते.

परिचारिका स्वतः याच समाजाची घटक असते. बाळंतपणाचे काम अनेक भागांत विटाळाचे मानले गेल्याने पूर्वी ते खालच्या समजल्या गेलेल्या जातींतील स्त्रियांकडे सोपविले जाई. या व्यवसायाकडे पाहण्याच्या दृष्टीत त्याचा अंश उरला आहे. उपकेंद्रातील दलित वा आदिवासी परिचारिकेला गावात भाड्याने खोली मिळणे कठीण झाले, तर ती तालुक्याहून ये-जा करते आणि रात्रीचे बाळंतपण पुन्हा सुईणीवर येते.